जेवणाच्या आवाजाचा तिटकारा (मिसोफोनिया): बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून या एकाच विषयावर मला निरोप येत असतात. बहुतेक रात्री दहाच्या सुमाराला, म्हणजे घराघरांतली जेवणं आटोपल्यावर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. शाळेपासून हा त्रास असलेली आणि त्यावर बरंच वाचलेली बाई आहे, एवढंच. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात, तिथे क्रमांक दिला आहे.

१. घरात कोणी मचमच करत जेवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हा आजार आहे की मीच तिरसट?

याला मिसोफोनिया म्हणतात. ठरावीक आवाज, त्यातही तोंडाचे, नाकाचे, घशाचे, कानावर पडले की क्षणात संताप किंवा किळस उसळते. अंग ताठ होतं, छाती धडधडते, घास घशाखाली उतरत नाही. पावेल आणि मार्गारेट जास्ट्रेबॉफ या अमेरिकेतल्या संशोधक दांपत्याने २००१ साली हे नाव रूढ केलं. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून व्याख्या ठरवली आणि त्यात याला 'विकार' म्हटलं. मात्र डॉक्टर ज्या दोन मोठ्या याद्या वापरतात, डीएसएम-५ आणि आयसीडी-११, त्यांत याची स्वतंत्र नोंद नाही. त्यामुळे तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसेल तर त्यांना नावं ठेवू नका. तिरसटपणाचा याच्याशी संबंध नाही. एरवी कोणाला 'अरे' म्हणून न बोलणारी माणसंही ताटासमोर अशी पेटतात.

२. कोणकोणते आवाज यात मोडतात?

यादी माणसागणिक वेगळी. आपल्या भागातून ज्यांच्या तक्रारी सतत येतात ते म्हणजे बशीतून चहा ओढतानाचा फुर्र, आमटीचे भुरके, मिटक्या, कडक भाकरीचा कडकडाट, शेंगा, चिरमुरे, काकडी, पापड, आणि जेवणानंतरचं पान-तंबाखू चघळणं. जेवणाबाहेरचेही असतात: नाक ओढणं, घसा खाकरणं, पेनाचं बटण टकटकवणं, स्टीलच्या ताटावर चमचा खरवडणं. बहुतेक आवाज बारीक असतात आणि एका लयीत पुन्हा पुन्हा येतात.

३. असले आवाज कोणालाच आवडत नाहीत. मग फरक काय?

नावडणं वेगळं. शेजारचा मचमच करतो म्हणून तुम्ही तोंड वाकडं करता आणि दोन मिनिटांत गप्पांत विसरून जाता, तर तो साधा वैताग. मिसोफोनियात विसरता येत नाही. कान तिथेच जाऊन चिकटतो, पुढचा आवाज कधी येतो याची वाट बघत बसतो. आपला राग अवाजवी आहे हे कळत असूनही आवरत नाही. आणि हळूहळू आयुष्य आक्रसतं: आधी एका माणसाशेजारी बसणं सुटतं, मग एकत्र जेवण, मग पाहुण्यांकडे जाणं. हे आक्रसणं सुरू झालं असेल तर पुढची उत्तरं तुमच्यासाठी आहेत.

४. वडगावात आमचे माग आहेत. दिवसभर खडखडाटात काम करतो, काही वाटत नाही. संध्याकाळी बायको भाकरी चावते ते मात्र सोसत नाही. असं कसं?

असंच असतं. मिसोफोनियाचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध नसतो. तो कोणता आवाज आहे आणि कुठून येतो, याला महत्त्व. ज्यांना कुठलाही मोठा आवाज कानाला दुखतो, कुकरची शिट्टी, हॉर्न, फटाके, त्यांच्या त्रासाला हायपरअक्यूसिस म्हणतात. अर्धशिशीत डोकं दुखत असताना आवाज नकोसा होतो तो तिसरा प्रकार. तिघांचे उपाय वेगळे, म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'आवाज सहन होत नाही' एवढंच सांगू नका, कुठले आवाज ते सांगा. आणि मागावर बसणाऱ्यांनी श्रवणतपासणी तशीही करून घ्यावी. वर्षानुवर्षांच्या खडखडाटाने ऐकू येणं कमी होतं, आणि ते दुखत नसल्यामुळे लक्षात येत नाही.

५. डोक्यात नेमकं होतं तरी काय?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मिसोफोनिया असलेल्यांच्या मेंदूची एमआरआय यंत्रात पाहणी केली. नकोसा आवाज ऐकवताच मेंदूतला 'इन्सुला' नावाचा भाग इतरांपेक्षा फार जास्त चेतला. कशाकडे लक्ष द्यायचं आणि शरीराने त्यावर कसं उठायचं, हे ठरवण्यात या भागाचा हात असतो. सोबत हृदयाचे ठोके वाढले, हाताला घाम आला. २०२१ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: ऐकण्याचा भाग आणि स्वतःचं तोंड-जबडा हलवण्याचा भाग यांच्यातला दुवा अशा लोकांत जास्त घट्ट असतो. म्हणजे समोरचा चावतो तेव्हा आपल्या मेंदूतलं चावण्याचं यंत्रही नको असताना सुरू होतं. 'तो माझ्या तोंडात घुसून खातोय असं वाटतं,' असं एकाने मला लिहिलं होतं, ते या शोधाच्या बरंच जवळ जातं.

६. एसटीतल्या परक्या माणसाचं एकवेळ चालतं, पण आईचं आणि नवऱ्याचं अजिबात नाही. माझं त्यांच्यावर प्रेम नाही का?

प्रेमाचा प्रश्नच नाही. रोज, त्याच ताटावर, त्याच माणसाचा तोच आवाज ऐकून मेंदूने ती जोडी पक्की केलेली असते. आई ताट घेऊन बसली की आवाज व्हायच्या आधीच खांदे ताठ होतात. तान्ह्या बाळाचं किंवा गोठ्यातल्या म्हशीचं चावणं मात्र पुष्कळांना चालतं, कारण आवाजाला आपण जो अर्थ लावतो तोही यात शिरतो. प्रयोगांत तोच चावण्याचा आवाज दुसऱ्याच कशाच्या तरी चित्राबरोबर ऐकवला तेव्हा तो कमी नकोसा वाटला.

७. हे किती लोकांना असतं? आमच्या घरात आज्जालाही होतं म्हणतात.

ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८.४ टक्के लोकांना जाणवण्याइतका त्रास आढळला. त्या सगळ्यांची जेवणं मोडलेली नाहीत, सौम्य त्रासही त्यात आला. आपल्याकडे मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर अभ्यास केले आहेत. सुरुवात बहुधा नऊ ते तेराच्या वयात होते. एकाच घरात दोघातिघांना असणं नेहमीचं आहे, तेव्हा आज्जा जेवताना रेडिओ मोठा का लावायचे याचा उलगडा कदाचित आता व्हावा.

८. लग्न होऊन खानापूर तालुक्यात आले. सासरी सगळे भुरके मारून, मिटक्या मारत जेवतात. मी ताट घेऊन आत गेले की सासूबाई म्हणतात, 'सून माणसांत बसत नाही.' काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा.

पहिली गोष्ट, त्यांचे भुरके म्हणजे स्वयंपाकाला दिलेली दाद आहे. आमटी जमली की ती ओरपायचीच. तिथे तुम्ही शिस्तीचा मुद्दा काढलात तर हरणार, आणि माझ्या मते हरायलाच हवं. 'तोंड मिटून खा' हे वाक्य सासरी कधीच उच्चारू नका. दोष तुमच्या कानाकडे घ्या. तो तसाही तिथेच आहे.

सांगायचं ते जेवताना नाही. त्या वेळी तुमचा आवाज चढलेला असणार आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात घास. आधी नवऱ्याला सांगा, हे पान वाचायला द्या. मग दुपारी तांदूळ निवडताना, भाजी मोडताना सासूबाईंना एकटीला गाठून सांगा. एकीने तिकडे वापरलेलं वाक्य मला फार आवडलं: "आई, तुमच्या जेवणाचं काही नाही, माझ्या कानाचंच दुखणं आहे हे. मी जरा खिडकीकडच्या टोकाला बसतो, राग नका मानू." त्यात आरोप नाही, आणि काय करणार तेही आलं.

मग बसण्याची सोय. समोरासमोरच्या टेबलापेक्षा जमिनीवर एका ओळीत बसणं बरं, कारण हलणारं तोंड दिसत नाही (दिसण्याचाही त्रास असतो, प्रश्न १७). शेजारी घरातलं सगळ्यात शांत जेवणारं माणूस घ्या. पंखा चालू ठेवा. भाकरी, शेंगाचटणी, पापड असा कडकडीत भाग चालू असताना वाढायला उभ्या राहा आणि भाताला बसा. वाढणाऱ्याचे कान दहा ठिकाणी असतात, आवाज तितका चिकटत नाही. यात एक धोका मात्र बघा. आपल्याकडे सून तशीही सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं घेऊन जेवते. तुमचा त्रास त्या रीतीला निमित्त होता कामा नये. भाताला सगळ्यांबरोबर बसायचं म्हणजे बसायचं.

रोज एकत्र जेवण झेपणार नसेल तर कोणत्या वेळचं एकत्र आणि कोणत्या वेळचं आत, हे आधीच सांगून टाका. ठरलेलं असलं की 'उठून गेली' असं होत नाही. भरल्या ताटावरून तडक उठणं आपल्या घरांत फार लागतं. न सांगता आत जेवणं त्यामानाने कमी लागतं, सांगून जेवणं त्याहून कमी.

आणि खानापूरकडे पावसाळ्यात तुम्हाला आपोआप बरं वाटेल. कौलांवर, पत्र्यावर धो धो पाऊस पडत असताना कोणाचा भुरका ऐकू येतो? तिकडचे निरोप जुलैत थंडावतात आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा सुरू होतात.

९. 'ऐकून ऐकून सवय होईल' म्हणून वडील मुद्दाम शेजारी बसवतात. होईल का सवय?

अशी नाही होत. दात-ओठ खाऊन आवाज सोसत बसलं की मेंदू 'आवाज म्हणजे छळ' हीच जोडी आणखी पक्की करतो. उपचारांत आवाजाला सामोरं जाणं असतं, पण ते थोडं थोडं, लगाम आपल्या हातात ठेवून आणि अंग सैल असताना (प्रश्न १६). उलटं टोकही वाईट. प्रत्येक आवाज टाळत गेलात तर उरलेले आवाज जास्त टोचू लागतात.

१०. मुलगी बारा वर्षांची. दोन महिन्यांपासून माझ्याकडे रागाने बघते, ताट घेऊन निघून जाते. उद्धट झाली आहे का?

वय नेमकं तेच आहे (प्रश्न ७). जेवणाच्या वेळेखेरीज ती तुमच्याशी नीट वागत असेल तर उद्धटपणा हे उत्तर बसत नाही. तिला एकांतात विचारा, 'माझ्या जेवणाच्या आवाजाने त्रास होतो काय?' मुलं बहुतेक वेळा रडतात, कारण आईबापांचा राग येतो याची त्यांना भयंकर लाज वाटत असते.

पुढे काय करायचं नाही तेच जास्त महत्त्वाचं. खरंच होतं का हे बघायला मुद्दाम मचमच करू नका. भावंडांना तिची थट्टा करू देऊ नका. हे हत्यार त्यांना लगेच सापडतं आणि वर्षानुवर्षं वापरलं जातं. पाहुण्यांसमोर विषय नको. 'मला दोन मिनिटं दे' असं म्हणून तिला उठता यावं आणि परत येऊन बसता यावं, एवढी मुभा द्या. परत येणं महत्त्वाचं. आज्जीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे, फक्त मिरच्या तडतडण्याचा आवाज मुलीला चालतो का ते बघून.

११. कानात बोळे घालून जेवलं तर?

जेवणापुरतं चालेल. मेडिकलमध्ये मऊ फोमचे बोळे मिळतात. कान बंद झाला की हाडांतून येणारा स्वतःच्याच चावण्याचा आवाज मोठा होतो, त्यात बाकीचे बुडतात. काहींना हे आवडतं, काहींना स्वतःचंच डोकं घुमल्यासारखं होतं. मग ज्या बाजूला आवाज आहे त्याच कानात घाला, म्हणजे बोलणंही ऐकू येतं. दिवसभर मात्र नको. सतत शांततेची सवय लागलेला कान आणखी हळवा होतो, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात.

बोळ्यांपेक्षा मला मागचा हलका आवाज जास्त पसंत: पंखा, रेडिओ, मोबाइलवर पावसाचा आवाज. तो ताटं मांडायच्या आधीच सुरू करा. चिडल्यावर उठून टीव्ही मोठा केला की ते टोमण्यासारखं लागतं, शिवाय सगळे टीव्हीवरून ओरडून बोलायला लागतात.

१२. लग्नाच्या, महाप्रसादाच्या पंगतीला काय करता?

खरं सांगायचं तर घरच्यापेक्षा पंगत सोपी. इतका कलकलाट असतो की एकाचा आवाज वेगळा निघत नाही. कडेची जागा धरा. अडचण येते ती लवकर गेलात आणि पहिल्या पंगतीला पाचच माणसं असली तर.

१३. दहावीच्या परीक्षेत मागचा मुलगा सारखं नाक ओढत होता, माझा पेपरच गेला. वेगळी खोली मागता येते का?

हक्क म्हणून मागणं अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात मिसोफोनिया नाही. विनंती करता येते. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना आधीच भेटा. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर वाद घालून काही होत नाही. फोमचे बोळे चालतील का हे त्याच पत्रात विचारून ठेवा. ते इलेक्ट्रॉनिक नसल्यामुळे समजावणं सोपं जातं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पंखे चालू असतात, तेवढीच मदत. घरी सराव करताना दारं बंद करून बसू नका. एखादी प्रश्नपत्रिका ओट्यावर भांडी वाजत असताना सोडवा, एखादी शाळेच्या वाचनालयात.

१४. बेळगाव-निपाणी रोजचा बसप्रवास. शेजारी कोणीतरी शेंगा खातंच.

चालकाच्या मागची सीट, इंजिनाची घरघर, उघडी खिडकी. जागा नसेल तर हेडफोन. परक्याला 'खाऊ नका' म्हणायला जाऊ नका, तो शेंगा पुढे करतो.

१५. डॉक्टर कुठले? आणि कानडीत सांगायचं कसं?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. ऐकणं बहुधा ठणठणीत निघतं, पण हायपरअक्यूसिस वगळलं जातं (प्रश्न ४). मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, खासगी डॉक्टरही आहेत. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतकी जवळ आहे. आवाजांच्याच त्रासाचा खास विभाग हवा तर मैसूरची वाक्-श्रवण संस्था, पण तो रात्रभराचा प्रवास. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते.

बेळगावात डॉक्टरांना मराठी बहुधा येतं. धारवाडला नाही आलं तर हे वाक्य पाठ करून जा: "ऊटद सप्पळ केळिदर भाळ सिट्ट बर्तद, ऊट बिट्ट एद्द होगतीनि." जेवणाचा आवाज ऐकला की फार राग येतो, जेवण सोडून उठून जातो, असा अर्थ. नुसतं 'सिट्ट बर्तद' सांगितलंत तर रागावरच्या गोळ्या मिळतील. सप्पळ, म्हणजे आवाज, हा शब्द विसरू नका.

१६. गोळी आहे का?

फक्त मिसोफोनियासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत चिंता, नैराश्य किंवा ओसीडी (तेच ते विचार, त्याच त्या कृती) असेल तर त्यावरच्या औषधाने एकूण ताण उतरतो, आणि त्यासाठी ते घ्यायला कचरू नये.

आवाजावर ज्याची रीतसर चाचणी झाली आहे तो उपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तन बदलायची पद्धत. ॲमस्टरडॅममध्ये ५४ जणांवर चाचणी झाली. तीन महिने गटाने उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोक सुधारले. जे उपचाराची वाट बघत नुसते थांबून होते त्यांच्यापैकी एकही नाही. म्हणजे तिघांतल्या एकाहून थोड्या जास्त लोकांना फरक. हा आकडा मी मुद्दाम देते, कारण 'दहा दिवसांत कायमचं बंद' अशा जाहिराती फिरत असतात. त्या उपचारात लक्ष आवाजावरून सोडवून हातातल्या कामावर आणायचा सराव असतो, अंग सैल सोडणं असतं, नकोशा आवाजाला सुखद गोष्टीची जोड देणं असतं. रुग्ण स्वतः संगणकावर तो आवाज घेऊन त्याची पट्टी वर-खाली करतो. चपचप एकदम चिमणीसारखी बारीक केली की हसू येतं, आणि हसू आलं की संतापाला जागा उरत नाही.

१७. आवाज येत नसला तरी नुसतं कोणी पाय हलवताना दिसलं तरी चीड येते.

त्याला मिसोकायनेशिया म्हणतात, हालचालींचा तिटकारा. मिसोफोनियाच्या बरोबरीने पुष्कळांत असतो. उपाय जागेचाच: ती हालचाल नजरेआड जाईल असं बसा.

१८. मी स्वतः भुरके मारतो, ते मला चालतं. घरचे म्हणतात हे ढोंग आहे.

ढोंग नाही. स्वतःचा आवाज जवळजवळ कोणालाच त्रास देत नाही. समोरच्याबरोबर तसाच आवाज काढला की बरं वाटतं, असंही पुष्कळ जण सांगतात. प्रश्न ५ मधल्या दुव्याशी ते जुळतं. तरी घरच्यांना 'तुम्ही आवाज करू नका' म्हणणाऱ्याने आपली आमटी चमच्याने खावी.

१९. परवा संतापून ताट भिरकावलं. मुलाला लागलं असतं.

राग येणं तुमच्या हातात नसेल, हात उगारणं आहे. इतकं झालं असेल तर घरगुती युक्त्यांवर थांबू नका. प्रश्न १५ मधल्या कोणाकडे तरी याच आठवड्यात जा, आणि तोवर मुलांबरोबर जेवायला बसू नका. घरात कोणी मिसोफोनियाचं नाव सांगून मारहाण करत असेल, तर तुम्हाला जेवणाचा आवाज कमी करण्याची गरज नाही, मदत मागण्याची आहे.

२०. वडिलांना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं, चावताना फार आवाज. त्यांना सांगता येत नाही आणि भरवायचं मलाच असतं.

वरचे बरेच सल्ले इथे लागू होत नाहीत. आधी आवाज वैद्यकीय कारणाने कमी होतो का बघा. कवळी सैल असेल तर दंतवैद्य ती बसवून देतात. (लहान मूल सतत तोंड उघडं ठेवून चावत असेल तर नाक बंद आहे का, हेही असंच बघावं.) गिळणं शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, घास केवढा, पातळ किती, मान कशी, हे ते बसवून देतात.

पण भरवताना दोन्ही कानांत बोळे किंवा हेडफोन घालू नका. अर्धांगवायूनंतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ठसका, घरघर, ओला झालेला आवाज तुम्हाला ऐकू यायलाच हवा. रेडिओ हळू लावा, समोर न बसता जरा बाजूला बसा, घास आणि चमचा यांवर नजर ठेवा. स्वतःचं जेवण त्या वेळी नको, आधी किंवा नंतर. आणि घरात दुसरं कोणी असेल तर दिवसातली एक वेळ त्याच्याकडे द्या. भावाला सांगताना कानाचा त्रास सांगितलात तरी चालेल, नाही सांगितलात तरी चालेल, वडील त्याचेही आहेत.